पाय कुणाचा, प्रश्न कुणाचा

१५ जुलै २०२४, सोमवार. पावसाळी सकाळ. आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत बिस्किटांच्या बरणीला मोबाईल टेकवून आठ-दहा जण कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेतल्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना बघत होते. खरं तर तो आपल्याकडच्या साडेपाचला सुरू व्हायचा, पण मायामीत गेटवर गर्दीनं गोंधळ घातला आणि सामना तासाभराहून जास्त लांबला. त्यामुळे दूध घालून परतणारे, पोरांना शाळेत सोडून आलेले, दुकानाची किल्ली हातात घेऊन निघालेले असे सगळेच त्यात अडकले. दुसऱ्या हाफमध्ये, पासष्ट मिनिटांच्या आसपास, मेस्सी धावता धावता खाली बसला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. बाहेर आला, बूट आपटला, बाकावर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. कॅमेरा उजव्या घोट्यावर गेला. तो असा सुजलेला की पाय कुठं संपतो आणि घोटा कुठं सुरू होतो ते कळू नये.

टपरीत कुणी बोललं नाही. चहावाल्यानं गॅस बारीक केला. मग एक जण म्हणाला, "दोन वर्षांनी वर्ल्ड कप आहे. तोवर टिकंल का ह्यो?"

तो मीच.

लाज नंतर वाटली, लगेच नाही. लगेच तर चर्चा रंगली. कुणी बोटांवर वय मोजलं: जून १९८७चा जन्म, म्हणजे २०२६च्या स्पर्धेत एकोणचाळिसावा वाढदिवस. कुणी म्हणालं, घोट्याचं काही नसतं, दोन महिन्यांत बसतो. माणूस समोर रडत होता आणि आम्ही त्याच्या पायाचं दोन वर्षांनंतरचं बुकिंग करत होतो. घरात कुणी जिन्यावरून घसरून पडलं तर "परवाच्या लग्नाला येणार ना?" हे आपण आधी विचारत नाही. (विचारणारे असतात. त्यांच्याबद्दल मागं काय बोललं जातं तेही सगळ्यांना ठाऊक असतं.)

अर्जेंटिना त्या दिवशी जिंकली. लाउतारो मार्टिनेझनं जादा वेळेत गोल केला, आणि आम्ही मेस्सीचा घोटा विसरून चहाचा दुसरा राऊंड सांगितला.

वयस्क खेळाडू लंगडताना दिसला की चाहत्यांच्या पोटात गोळा येतो, तो खरा असतो. त्याला ढोंग म्हणणाऱ्यांतला मी नाही. वीस वर्षं ज्याच्यासाठी पहाटेचे गजर लावले तो आपल्या घरातलाच होतो. पण ही काळजी बोलायला लागली की तिची भाषा बघा. 'किती दिवस बाहेर?' 'पुढच्या सामन्याला फिट आहे का?' 'अंतिम संघात नाव आहे का?' हे सगळे प्रश्न डॉक्टरच्या नव्हे, तिकीट विकणाऱ्याच्या तोंडचे आहेत. आपण प्रेमापोटी विचारतो आणि तो धंद्यापोटी, पण संघाच्या कचेरीत पोहोचेपर्यंत दोन्ही आवाज एक झालेले असतात. तिथं ऐकू येतं ते एवढंच, की लोकांना तो मैदानात हवाय. चाहत्यांची काळजी अशी खेळाडूच्या पायाविरुद्धच वापरली जाते, आणि ती वापरू देण्यात आपला हात असतो. मला भांडायचं आहे ते याच्याशी.

सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायला खरं तर फार शब्द लागू नयेत. पावसाळ्यात आपण एकमेकांची खुशाली विचारत नाही, "आयर्विनला पाणी किती?" असं विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आणि तरीही २०१९ला काय झालं? निम्मं गाव २००५च्या खुणेवर विसंबून राहिलं. "तेव्हा तिसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं, त्यावर येत नाही." आमच्या शेजाऱ्यांनी तांदळाचे डबे चौथ्या पायरीवर ठेवले आणि झोपले. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. मागच्या वेळी नदी कुठं थांबली हे या वेळच्या नदीला बंधनकारक नसतं.

शरीराचंही तेच आहे. 'मागच्या वेळी परतला होता ना' हा चाहत्यांचा सगळ्यात लाडका युक्तिवाद. परतला होता, हे खरं. त्या घोट्यातून मेस्सी दोन महिन्यांत उठला आणि सप्टेंबरमध्ये आल्या आल्या दोन गोल मारले. पण पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नेकाक्सा या मेक्सिकोच्या क्लबविरुद्ध अकराव्याच मिनिटाला उजव्या पायाचा स्नायू धरून बाहेर पडला. दोन आठवड्यांनी परतला, गोल केला आणि लगेच पुढच्या सामन्याला पुन्हा बाहेर बसला. अशी ये-जा सुरू झाली की तिला पुनरागमन म्हणायचं की इशारा पातळी, हे आपण ठरवायला हवं. फाटलेला स्नायू भरून येतो तेव्हा त्या जागी व्रणाची गाठ राहते. ती मूळ स्नायूसारखी ताणत नाही. मांडीच्या मागच्या स्नायूला दुखापत होण्याचा धोका कुणाला जास्त, तर ज्याला ती आधी झाली आहे त्याला, आणि वय वाढेल तसा तो आणखी वाढतो. विशीतल्या पोराचा पाय मुरगळणं आणि अडतिशीतल्याचा मुरगळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी पट्टी एकाच रंगाची असली तरी.

आता हाँगकाँगची गोष्ट. ४ फेब्रुवारी २०२४. मेस्सीच्या इंटर मायामी क्लबचा तिथं मैत्रीपूर्ण सामना होता. मैत्री अर्थात नावापुरती; अडतीस हजारांवर लोक महागडी तिकिटं काढून मेस्सीसाठी आले होते. मेस्सीची जांघ दुखावलेली होती. तो नव्वद मिनिटं बाकावर बसून राहिला. आधी लोकांनी त्याच्या नावाचा गजर केला, मग हुर्यो उडवली आणि शेवटी 'पैसे परत' अशा घोषणा दिल्या. तीनच दिवसांनी तो टोकियोत अर्धा तास खेळला आणि मग तर आगडोंबच उसळला. मार्चमध्ये चीनमध्ये व्हायचे अर्जेंटिनाचे सामने रद्द झाले. आयोजकांना तिकिटांचे निम्मे पैसे परत करावे लागले.

तिकीट काढणाऱ्याचा संताप मला कळतो. महिन्याच्या पगारातून तिकीट काढलेल्या बापाला पोराच्या डोळ्यात बघून काय सांगावं हे सुचलं नसेल. पण संताप गेला कुठं? जांघेवर. दुखणं खरं की खोटं, तीन दिवसांत कसं बरं झालं, आपल्याकडेच का दुखलं, असं एका माणसाच्या जांघेवर देशोदेशीच्या लोकांनी मत दिलं. ज्यांनी त्या माणसाचं नाव छापून, तो उतरेलच अशा थाटात तिकिटं विकली त्यांच्याकडे बोट वळायला उशीर लागला. दुखणं हे रोज बदलणारं प्रकरण आहे, हे पाठदुखी असलेल्या कुणालाही विचारा. रविवारी उठता येत नाही आणि बुधवारी माणूस बाजारातून भाजी घेऊन येतो. त्याला आपण लबाड म्हणत नाही.

हेच प्रेक्षक, मेस्सी खेळला असता आणि तिथंच पडला असता, तर सगळ्यात मोठ्यांदा हळहळले असते. हे दोन वेगळे लोक नव्हेत.

यावर उत्तर तयार असतं: अहो, तो स्वतःच खेळायचं म्हणतो. सज्ञान माणूस आहे, कोट्यवधी कमावतो, त्याचा पाय, त्याचा निर्णय. वरवर बिनतोड वाटतं. पण १९९८च्या विश्वचषकाचा अंतिम दिवस आठवा. ब्राझीलच्या रोनाल्डोला दुपारी झटका आला. संघाच्या पहिल्या यादीतून त्याचं नाव काढलं गेलं. मग तो मैदानावर आला, मी ठणठणीत आहे म्हणाला, आणि नाव परत घातलं गेलं. तो नव्वद मिनिटं मैदानात होता, पण खेळला असं म्हणवत नाही. फ्रान्सनं तीन गोलांनी सामना घेतला. एकवीस वर्षांचा तो पोरगा 'मी खेळतो' म्हणाला, पण त्या दिवशी 'खेळत नाही' असं म्हणण्याची मोकळीक त्याला होती का? अख्खा देश दाराशी उभा असताना दिलेल्या होकाराला होकार कसा म्हणायचा?

या रोनाल्डोचं पुढचं आयुष्य चाहते मोठ्या हौसेनं सांगतात, पण अर्धंच. २००० साली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच महिन्यांनी तो मैदानात परतला आणि सहा-सात मिनिटांत तोच गुडघा पुन्हा गेला. किंचाळत कोसळला तो. २००२मध्ये आठ गोल मारून विश्वचषक जिंकून दिला, ही परीकथा सगळ्यांना पाठ. २०११ला निवृत्त होताना शरीरापुढे हरल्याची कबुली त्यानं दिली, ते कुणी सांगत नाही.

आणि बातिस्तुता. मेस्सीच्या आधी अर्जेंटिनासाठी सर्वाधिक गोल याच्या नावावर होते. घोटे दुखत असताना वर्षानुवर्षं खेळला. निवृत्तीनंतर पाय टेकवेनात. रात्री संडासापर्यंत चालत जाता येईना म्हणून अंथरूण ओलं व्हायचं, आणि शेवटी डॉक्टरकडे जाऊन 'पाय कापून टाका' म्हणून रडला, हे त्यानं स्वतः जाहीर सांगितलं आहे. डॉक्टरनं कापले नाहीत. पुढं घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या. त्याच्या गोलांचे व्हिडिओ अजून बघितले जातात, मीही बघतो. बघताना आता त्याच्या पायांकडेच लक्ष जातं.

सामन्यांचा सुकाळ हे यातलं दुसरं अंग, पण त्यावर बरंच लिहून झालंय, म्हणून थोडक्यात. २०२२च्या विश्वचषकात ६४ सामने होते, २०२६साठी ते १०४ ठरले. क्लबांचा विश्वचषकही ३२ संघांचा झाला. सप्टेंबर २०२४मध्ये मँचेस्टर सिटीचा रोद्री म्हणाला की खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत, आणि त्याच आठवड्यात त्याचा गुडघा गेला. तो तर अठ्ठावीसचा. आपल्याकडे सुनील छेत्री ६ जून २०२४ला कोलकात्यात रीतसर निरोप घेऊन बाहेर पडला आणि मार्च २०२५मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं. त्यानं येऊन गोलही केला. आपण टाळ्या वाजवल्या. दीडशे कोटींच्या देशाला गोल मारायला दुसरा पाय सापडत नाही, याची चिंता टाळ्यांत बुडाली.

हे सगळं परदेशातलं, बड्या लोकांचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस आठवतो. खाशाबा जाधव, हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली, दमवणारी कुस्ती संपली आणि लगोलग सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी असा नियम होता. पण तो अधिकाऱ्यांपुढं मांडायला भारताचा कुणी जबाबदार माणूस तिथं नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. कांस्यपदक मिळालं, कराडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तो दिवस अजून आपल्या भागात अभिमानानं सांगितला जातो. सांगताना त्या अर्ध्या तासाचा उल्लेख एखाद्या चुटपुटीसारखा येतो आणि जातो. मला तो अर्धा तास मिरवणुकीपेक्षा मोठा वाटतो. खेळाडूच्या शरीराच्या बाजूनं बोलायला एक माणूस असता तर पदकाचा रंग वेगळा असता का, हे सोडा. निदान दम तरी खाता आला असता.

तो एक माणूस आजही आपल्या मैदानांवर नसतो.

माझा पुतण्या मिरजेत फुटबॉल खेळतो, म्हणजे खेळायचा. मिरज जंक्शनची पोरं आधीपासून फुटबॉलवेडी, आणि शेजारी कोल्हापूर, जिथं पेठा आणि तालमी फुटबॉलवर जीव टाकतात. तिकडच्या एखाद्या संघानं बोलावलं की पोराची छाती फुगते. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याचा गुडघा आत वळला. 'कट्' असा आवाज त्यानं स्वतः ऐकला. हाफ टाईमला कुणीतरी स्प्रे मारला, क्रेप बँडेज करकचून बांधलं, वर नी कॅप चढवली. संयोजकांपैकी एकानं पाठीवर थाप मारून सांगितलं, "वीस मिनिटं काढ, फायनल आली." प्रेक्षकांतून त्याच्या नावाचा पुकारा सुरू होता. त्यात मी होतो. उतरला, सात मिनिटांनी पडला, आणि मग दोन जणांच्या खांद्यावरून बाहेर आला. लिगामेंट आणि गादी दोन्ही गेलं होतं. ऑपरेशनचा खर्च भावानं सोसायटीचं कर्ज काढून केला. संयोजक भेटायला आले, नारळ आणि शाल घेऊन.

तो वॉकर घेऊन दारात बसायचा तेव्हा येणारा-जाणारा एकच विचारायचा, "कधी उतरणार मैदानात?" पोरगं हसून "बघू" म्हणायचं. समोरच्या तालमीतले म्हातारे वस्ताद तेवढे वेगळं विचारून गेले. "जिना चढताना पहिला पाय कुठला टाकतोस? दुखरा का चांगला?" त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा चाळीस वर्षांपूर्वी जत्रेच्या फडात गेलेला. संडासाला बसायची पंचाईत कशी होते, पावसाळ्यात सांधा कसा ठणकतो आणि त्यावर त्यांनी काय काय केलं, हे सगळं त्यांनी त्याला तासभर बसून सांगितलं. त्या तासात खेळाचा विषय निघाला नाही.

जत्रेतल्या कुस्तीचा हिशेब तर आणखी सरळ आहे. जोड ठरते, इनाम ठरतं, पत्रकावर नाव छापलं जातं. पैलवान उतरला तर इनाम, नाही उतरला तर काही नाही. वर्षभराचा खुराक त्या दहा-बारा फडांवर चालतो. मग खांदा निखळलेला असला तरी तो लंगोट चढवून येणारच, आणि हलगी वाजायला लागली की आपण 'निकाली कुस्ती पाहिजे' म्हणून ओरडणारच. नाव छापलेला पैलवान उतरला नाही तर काय गोंधळ होतो ते ज्यांनी फड बघितलेत त्यांना सांगायला नको. तेच हाँगकाँग, फक्त तिथं खुर्च्या होत्या.

तेव्हा चाहत्यांनी काळजी करणं थांबवावं असं मी म्हणत नाही. ती मागणीच्या रूपात बाहेर पडावी, आणि बरोबर माणसाकडं जावी. जागतिक पातळीवर माझ्या मताला कोण विचारतो. पण जिल्ह्याच्या पातळीवर दोन-तीन गोष्टी होण्यासारख्या आहेत. स्पर्धेच्या मैदानावर फिजिओ किंवा डॉक्टर असावा, आणि 'हा उतरणार नाही' हा त्याचा शब्द शेवटचा असावा. त्याचा मोबदला संघाच्या मालकानं देऊ नये, प्रवेश फीमधून यावा, म्हणजे त्याला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. नोंदणीच्या अर्जातच अपघात विमा असावा. आणि कुस्तीत, डॉक्टरनं थांबवलेल्या पैलवानाला ठरलेल्या इनामाचा अर्धा वाटा मिळावा. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस साहेबांनी १८९४ला सुरू केलेल्या इस्पितळापासून इथं डॉक्टरांची परंपरा आहे. या गावात रविवारी दुपारी मैदानाच्या कडेला बसायला एक हाडांचा डॉक्टर मिळत नसेल, तर तो कुणी बोलावलाच नसणार.

हे मी एका मंडळाच्या बैठकीत बोललो. एक कार्यकर्ते लगेच म्हणाले, "सर, कल्पना चांगली. पण पैसा?" त्यांच्या पाठीमागं भिंतीला मागच्या विश्वचषकाचा मेस्सीचा कटआउट घडी करून टेकवलेला होता. एवढा उंच, की घडी घालूनही छताला लागत होता. मी विचारलं, हा कितीला पडला? त्यावर थोडा हशा झाला, कुणी आकडा सांगितला नाही, आणि बैठकीचा पुढचा विषय निघाला: या वेळी कटआउट आणखी पाच फूट वाढवायचा का.